मेलेली संत्र्याची झाडं मी अजून उपटलेली नाहीत

मा. कृषिमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य, यांस,
सविनय नमस्कार.

मी काटोल तालुक्यातला संत्रा उत्पादक. पोळ्याआधी तुमच्या खात्याचे लोक माझा बगीचा पाहून गेले, आठ दिवसांत पंचनामा करतो म्हणाले. दसरा उलटला. परवा फोन केला तर उत्तर मिळालं, ‘रोगाने मेलेली झाडं यात बसत नाहीत.’

मग कशात बसतात, साहेब?

दोन एकरांत 220 झाडं होती, 90 गेली. जमिनीलगतची साल कुजते, बुंध्यातून डिंक वाहतो, पानं पिवळी पडतात आणि आंबिया बहाराच्या फळांचा खाली सडा पडतो. आम्ही याला डिंक्या म्हणतो. फायटोफ्थोरा बुरशीमुळे होतो. काळ्या जमिनीत झड लागली की साचलेल्या पाण्यातून ती या आळ्यातून त्या आळ्यात जाते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ही पेस्ट दरवर्षी पावसाळ्याआधी मी आणि माझ्या बायकोने एकेका बुंध्याला हाताने लावली. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळी केली. आणखी काय करायचं होतं?

खोट कलमातच होती. खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग, जंबेरी लिंबाचा, या बुरशीला लवकर बळी पडणारा. त्यावर संत्र्याचा डोळा जमिनीपासून चार बोटांवर बांधलेला. रंगपूर लाईम या दुसऱ्या लिंबाचा खुंट जास्त तग धरतो, डोळा नऊ इंच वर हवा, हे मला सात वर्षांनी कळलं. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आमच्या नागपुरातच आहे. तरी पिशवीतली माती न तपासता कलमं राजरोस विकली जातात. फळपीक विमा पाऊस आणि तापमान मोजतो, कुजलेली मुळं मोजत नाही. पोरीच्या लग्नाचा पैसा या झाडांत होता.

2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हारतुरे झाले. विदर्भाला महाराष्ट्रात आणणाऱ्या 1953 च्या नागपूर करारापासून आम्हाला शब्दच मिळत आले. हिवाळ्यात नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, सरकार येतं आणि जातं. आमचे बगीचे बघायला कोण थांबतं?

विक्रीआधी प्रत्येक रोपवाटिकेतली माती आणि मुळं तपासा. डिंक्याने मेलेल्या झाडाचा पंचनामा करा, भरपाई द्या.

ती 90 झाडं पुरावा म्हणून उभी ठेवलीत. त्यांच्या मुळांतून रोग शेजारच्या ओळीत शिरतोय, मला दिसतंय. उपटली तर तुम्ही विचाराल, झाडं कुठं आहेत?

आपला,
एक संत्रा उत्पादक, काटोल, जि. नागपूर