वार लावून घे

सोलापूर,
१३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंजू,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा खाली वाचलं, मग गच्चीवर जाऊन पुन्हा एकदा. फोन करणार होते, पण आई सतत आसपास असते आणि मला तुझ्याशी मोकळं बोलायचंय, म्हणून लिहायला बसले. ताईचा कॅन्सर, तिच्या सहा केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन, आणि सगळ्याच्या शेवटी तुझा एका ओळीचा प्रश्न: "मी नेमकं काय करू?"

अगं, आम्हाला २०१८ सालापासून हाच प्रश्न पडलेला आहे. आईचं ऑपरेशन झालं, बरं वाटलं, आणि २०२१ मध्ये कॅन्सर हाडांत निघाला. तेव्हापासून तो घरातलाच झाल्यासारखा आहे. आई आहे, बोलते, भांडते, सकाळी तुळशीला पाणी घालते, आणि औषधंही चालूच आहेत. ताईचं असंच होईल असं नाही हं. तिचं वेळेत कळलंय, ती बरी व्हावी हेच मी रोज मागते. पण तिचे उपचारच वर्षभर चालतील, आणि वर्ष फार मोठं असतं.

पहिल्या महिन्यात आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शहाळी तर इतकी आली की न्हाणीपर्यंत रांग लागली होती. जो तो जाताना म्हणायचा, "काही लागलं तर सांगा." मनापासूनच म्हणायचे गं. पण ज्याच्या घरात दुखणं असतं त्याला सांगता येत नाही. आमचे बाबा जन्मात कधी कुणाकडे वाटीभर साखर मागायला गेले नाहीत, ते काय सांगणार? चौथ्या महिन्यात शहाळी थांबली. केमो चालूच होत्या.

मग शेजारच्या अक्का आल्या. तुला आठवत असतील, जन्मभर विड्या वळून ज्यांनी तीन पोरी शिकवल्या त्या. त्यांनी काही विचारलंच नाही. एका मंगळवारी डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "मंगळवार माझा." बस. पुढच्या मंगळवारी पुन्हा डबा. आजोबा सोलापुरात शिकायला आले तेव्हा वार लावून जेवायचे, सात घरी सात वार. आईला ते आठवलं. म्हणाली, "मामंजींचे वार फिरून घरी आले बघ." त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी हसली.

तिथून मी शिकले आणि लाज सोडून वार वाटून टाकले. गुरुवारचा स्वयंपाक काकूचा. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी रात्री-अपरात्री, तेव्हा समोरचा मुलगा आमचं पिंप भरतो. आईचं रेडिएशन बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटलमध्ये होतं, आठवड्यातले पाच दिवस, पाच आठवडे. सत्तर किलोमीटर रोज जा-ये करणं तिला झेपलं नसतं, म्हणून ती मामाकडे राहिली आणि तिथलं सगळं मामीने सांभाळलं. बाबांचे एक जुने मित्र दर रविवारी संध्याकाळी येऊन बाबांना सिद्धेश्वर तलावावर फिरायला नेतात. सात वर्षं झाली. मला विचारशील तर त्या एका फेरीने बाबा टिकले. भाऊजींसाठी असा कुणीतरी आत्ताच शोध. सगळे ताईची चौकशी करतील, त्यांना कुणी विचारणार नाही.

तेव्हा मंजू, तू ताईला "काय करू" असं विचारू नकोस. एक वार घे, एक काम घे, आणि ते चुकवू नकोस.

आता एक गोष्ट जिवाच्या आकांताने सांगते, ती आजच भाऊजींना सांग. आईच्या दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री तिला १०१ ताप आला. मी तापाची गोळी दिली आणि सकाळ होण्याची वाट बघितली. ती माझी चूक होती. केमोनंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी फार उतरतात, अंगात जंतूंशी लढायला कुणी नसतं, आणि अशा वेळी ताप हाच एक इशारा. गोळीने तोच मी झाकून टाकला. ती वाचली, पण चार दिवस दवाखान्यात होती. थर्मामीटर उशाशी ठेवा. १००.४ च्या वर गेला की रात्रीचे दोन असोत, डॉक्टरांना फोन करायचा आणि निघायचं. त्यांचा रात्रीचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

पैशांचं थोडक्यात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्याआधीच भेटा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तो सांगेल. मुंबईला दाखवायला न्यायचं ठरलं तर रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्यालाही ७५ टक्के सवलत असते. डॉक्टरांकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला मात्र घ्यावा लागतो. आम्हाला हे दोन फेऱ्या झाल्यावर कळलं.

ताईच्या ओंकारला खरं सांगा. तो दहावीला आहे म्हणून लपवताय, मी समजू शकते. पण २०२१ मध्ये हाडांचा रिपोर्ट मी आईपासून तीन आठवडे लपवला होता. "कॅल्शियम कमी झालंय" म्हणाले. एक दिवस भाजी निवडता निवडता ती शांतपणे म्हणाली, "माझ्या अंगातलं मलाच सांगत नाहीस होय?" ते तीन आठवडे तिने एकटीने काढले होते गं. ते मला अजून विसरता येत नाही. आणि दादाची छोटी, तेव्हा सात वर्षांची, आजीच्या मांडीवर बसेनाशी झाली. तिला वाटायचं, शिवलं की आपल्यालाही होतं. तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं. सांगितल्यावर त्याच संध्याकाळी जाऊन बसली.

२०२३ पासून आईला केमोच्या गोळ्या आहेत, चौदा दिवस घ्यायच्या, सात दिवस सुट्टी. त्यांनी तिचे तळहात लाल झाले, मग कातडी सोलून निघाली. डॉक्टरांनी डोस कमी केला, लावायला मलम दिलं, आता पुष्कळ बरं आहे. पण भाकरी थापता येईना. तुला माहितीये ना तिची भाकरी? कडक भाकरी करायची तर ज्वारीचं पीठ पार कागदासारखं पातळ थापावं लागतं, आणि तिच्यासारखी पातळ पेठेत कुणाचीच नसायची. पहिल्या दिवशी मी परात ओढून घेतली, "तू बस, मी करते." ती उठून आत निघून गेली. आजारापेक्षा त्याने ती जास्त खचली. दुसऱ्या दिवशी मी परात तिच्या समोर ठेवली आणि म्हटलं, "मला शिकव." आता ती पाटावर बसते, पिठाला हात लावत नाही, आणि तिथूनच ओरडते, "कड फाटली, पाणी कमी झालं." ताईचं सगळं काम काढून घेऊ नका. जे तिचं आहे ते तिच्याकडेच राहू द्या, हात आपले लावा.

या जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक बघायला आईला रिक्षाने नेलं. गर्दीत नाही नेलं, ओळखीच्यांच्या ओट्यावर खुर्ची टाकली. सातही काठ्या जाईपर्यंत ती हात जोडून उभी राहिली, मी बस बस म्हणत होते तरी. स्कॅन दोनच दिवसांवर होता. त्या दोन दिवसांत घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. दर तीन महिन्यांनी हे असंच. याची सवय होत नाही, मंजू. तुम्हालाही झाली नाही तर आपलं काही चुकतंय असं समजू नका.

मी दर महिन्याचा दुसरा शनिवार ठरवलाय. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघेन, रविवारी परतेन, आईजवळ तेवढे दिवस दादा थांबणार आहे. ताईला विचारू नकोस, फक्त सांग, दुसरा शनिवार वैशूचा. येताना कडक भाकरी आणते, आईच्या देखरेखीखालच्या. ताईच्या तोंडात फोड असतील तर तिच्यासाठी दुधात कुस्करू. शेंगाचटणी भाऊजींना आणि ओंकारला.

तुझी,
वैशू