संगणक दुरुस्तीवाल्या ताईंना, वाचनालयाकडून

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या कार्यकारिणीने तुमच्या आभाराचा ठराव केला, पण ठराव इतिवृत्तात जातो आणि इतिवृत्त कोण वाचतं? म्हणून हे उघड पत्र. तालुक्याच्या गावातल्या किती तरी वाचनालयांची सगळी ग्रंथसूची अजून एक्सेलच्या एकाच फाइलीत असते. तुम्ही नेमकं काय केलंत, हे त्यांनाही कळलेलं बरं.

आधी काय बिघडलं ते सांगतो. सूची अकारविल्हे लावताना फक्त पुस्तकांच्या नावांचा रकाना हलला. लेखक, विषय, दाखल क्रमांक, देणगीदार सगळे जिथल्या तिथे राहिले. एरवी अशा वेळी शेजारचे रकाने बरोबर घ्यायचे का, असं एक्सेल विचारतं. आमच्या फाइलीत नावांनंतर शोभेसाठी एक कोरा रकाना सोडलेला होता. त्यामुळे एक्सेलला शेजार दिसलाच नाही आणि ते न विचारताच मोकळं झालं. फाइल सेव्ह झाली, बंद झाली, म्हणजे 'अनडू'ची सोयही गेली. संतचरित्रापुढे कुक्कुटपालनाच्या लेखकाचं नाव दिसलं तेव्हा प्रकार उघडकीला आला. वार्षिक अहवाल तोंडावर होता. दाखल नोंदवह्या होत्या, पण जुन्या वह्यांची बरीच पानं वाळवीनं खाल्लेली.

मग सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाले, डेटा रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाका. दुसरे म्हणाले, सिस्टिम रिस्टोअर करा, सगळं मागच्या तारखेला जातं. तुम्ही फोनवरच दोन्हींना नकार दिलात आणि मी येईपर्यंत त्या संगणकावर नवीन काही टाकू नका, असं बजावलंत. खरे आभार मला त्या नकाराचे मानायचे आहेत. फाइल परत मिळाली ती त्यानंतर.

रिकव्हरीची सॉफ्टवेअरं प्रामुख्यानं डिलीट झालेल्या फाइली शोधतात. आमची फाइल डिलीट झालीच नव्हती. ती जागेवर होती, फक्त आतला मजकूर बदलला होता. आणि सिस्टिम रिस्टोअर प्रोग्रॅम, ड्रायव्हर, सेटिंग मागे नेतं, आपल्या कागदपत्रांना हात लावत नाही. मात्र त्यासाठी विंडोज जे रिस्टोअर पॉइंट करतं, त्यात ड्राइव्हची त्या क्षणाची 'शॅडो कॉपी' असते, आणि तिच्यात कागदपत्रांची जुनी रूपंही सापडू शकतात. ती सगळ्या ड्राइव्हची दुसरी प्रत नसते, हेही तुम्ही समजावलंत. दप्तरातलं पान बदलण्याआधी जुन्या पानाची नक्कल बाजूला ठेवणाऱ्या कारकुनासारखं हे काम चालतं: डिस्कचा जो भाग बदलणार, तेवढ्याचाच जुना मजकूर राखून ठेवायचा. त्यासाठी जागा ठरलेली असते. ती भरली की सगळ्यात जुनी प्रत आपोआप जाते. नवीन सॉफ्टवेअर टाकलं असतं तर आम्हाला हवी होती तीच प्रत कदाचित बाहेर ढकलली गेली असती.

फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथला 'प्रीव्हियस व्हर्जन्स' हा टॅब. तिथे विंडोजच्या एका अपडेटच्या वेळची प्रत निघाली. आमच्या जुन्या संगणकावर हा टॅब मी कधी पाहिला नव्हता, असं म्हणालो तर तुम्ही त्यावर कुठलं विंडोज होतं ते विचारलंत. होतं विंडोज ८. २०१२ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत हा टॅब काढून टाकला होता आणि विंडोज १० मध्ये तो परत आला. चांगली सोय काढायची आणि मग परत द्यायची, हा उद्योग मला तरी समजला नाही. आणखी एक गंमत. 'फाइल डेस्कटॉपवर ठेवू नका' म्हणून आमचे चिटणीस सगळ्यांना रागावत आले आहेत. पण डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो, आणि आमच्या संगणकात सिस्टिम प्रोटेक्शन, म्हणजे रिस्टोअर पॉइंट करणारी सोय, फक्त सी ड्राइव्हला चालू होतं. त्यांच्या शिस्तीप्रमाणे फाइल डी ड्राइव्हवर असती तर तो टॅब रिकामा निघाला असता.

तिथे 'रिस्टोअर'चं बटण समोर होतं आणि माझा हात शिवशिवत होता. तुम्ही ते दाबू दिलं नाहीत. रिस्टोअर केलं असतं तर जुनी प्रत आताच्या फाइलीवर बसली असती, आणि त्या अपडेटनंतर केलेल्या नोंदी गेल्या असत्या. तुम्ही 'ओपन' केलंत, वेगळ्या नावानं पेनड्राइव्हवर सेव्ह केलंत आणि दोन्ही फाइली शेजारी मांडल्यात. मग प्रत्येक नाव जुन्या फाइलीत किती वेळा येतं आणि बिघडलेल्या फाइलीत किती वेळा, ते एक्सेलच्या 'काउंटइफ' या मोजणीच्या सूत्रानं काढलंत. जिथे एक जास्त, ते पुस्तक नंतर आलेलं. नुसती नवी नावं शोधली असती तर आधीच असलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत सुटली असती, आणि वाचनालयात असल्या प्रती भरपूर असतात. ही यादी नव्या नोंदवहीशी ताडून बघणं मला जमण्यासारखं होतं. ते मी केलं. सूची जुळली.

जाताना तुम्ही आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितलीत: शॅडो कॉपीला बॅकअप समजायचं नाही. ती त्याच डिस्कवर असते, डिस्क गेली की तीही जाते. खंडणी मागणारे व्हायरस तर बऱ्याचदा आधी शॅडो कॉप्याच पुसतात. म्हणून तुम्ही बाहेरची हार्ड डिस्क लावून 'फाइल हिस्टरी' चालू करून दिलीत. बदललेल्या फाइलीची दर तासाला नवी प्रत, आणि काम झालं की डिस्क काढून कपाटात.

पैशांबद्दल तुम्ही आढेवेढे घेतले नाहीत, मजुरी सांगितलीत आणि रीतसर पावती दिलीत, हेही मला आवडलं. आमच्या हिशेबतपासनिसांना तर फारच. वाचनालयाच्या सभासदत्वाचा अर्ज तुमच्या नावानं भरून ठेवला आहे. सही तेवढी करायची आहे, वर्गणीचं आम्ही बघतो.

ता. क. हार्ड डिस्कवरच्या प्रतींच्या नावात सूचीपुढे पहाटे साडेचारची वेळ पाहून अध्यक्षांनी काल चौकशी केली की त्या वेळी वाचनालयात कोण होतं. ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे, हे तुम्ही सांगितलेलं मला आठवलं. सकाळी दहाला मीच होतो.

आपला,
ग्रंथपाल