धाकट्याच्या नोकरीबद्दल

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेली जगातल्या मजेदार नोकऱ्यांची यादी वाचली. खाली तुम्ही विचारलंय, ‘यातलं खरं किती?’ धाकट्याच्या फ्लेवरिस्ट, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या चवी आणि वास तयार करणारा, व्हायच्या निर्णयामुळे तुम्हाला नीट झोप लागत नाही, हेही आईकडून कळलं. फोनवर आपण दोघंही लगेच तापतो, म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

यादीत सगळ्यात वर बेटाच्या राखणदाराची नोकरी आहे. ती खरी होती. 2009 साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पर्यटन खात्याने ती जाहीर केली होती. हॅमिल्टन बेटावर सहा महिने राहायचं, आजूबाजूची बेटं बघायची, त्याबद्दल लिहायचं आणि दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर घ्यायचे. जगभरातून 30 हजारांहून जास्त अर्ज आले. पण मुळात ती पर्यटनाची जाहिरात होती. माणूस एकच हवा होता, तोही सहा महिन्यांपुरता. अशा नोकरीच्या मागे धाकटा लागला असता, तर मीच त्याला आधी अडवलं असतं.

शब्दकोड्यांचंही तसंच, जरी तो तुमच्या आवडीचा विषय असला तरी. विल शॉर्ट्झ यांनी अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात स्वतःच अभ्यासक्रम आखून 1974 साली कोडी या विषयात पदवी घेतली, आणि 1993 पासून ते न्यूयॉर्क टाइम्सच्या शब्दकोड्यांचे संपादक आहेत. वाचायला फार छान वाटतं. पण संपादकाची खुर्ची एकच असते. कोडी रचून पाठवणाऱ्या बहुतेकांना पोटासाठी दुसरं काहीतरी करावं लागतं.

म्हणून काम कितीही गमतीचं असलं तरी मी एकच गोष्ट विचारते: हे झालं नाही तर कुणाचं अडतं? ज्याचं अडतं तोच पैसे देतो, आणि वेळेवर देतो.

माझ्याच कामाचं सांगते. ‘आमची मुलगी सिनेमात आवाज काढते’ असं आई लोकांना सांगते, आणि पुढचा प्रश्न आला की गप्प होते. आई, पुढच्या वेळी हे सांग. शूटिंगच्या वेळी माइक नटांच्या बोलण्यावर रोखलेला असतो. पावलं, कपड्यांची सळसळ, टेबलावर ठेवलेला पेला, हे सगळं त्यात धड येत नाही. आणि सिनेमा दुसऱ्या भाषेत डब करायचा झाला की मूळ संवाद काढून टाकावे लागतात, त्यांच्याबरोबर हे बारीक आवाजही जातात. मग नट बोलताना दिसतो, चालतानाही दिसतो, पण पाऊल वाजत नाही. म्हणून परदेशी विकायच्या सिनेमाला संवाद सोडून बाकी सगळ्या आवाजांचा वेगळा ट्रॅक द्यावा लागतो. तो नसेल तर विक्री अडते. माझं बिल तिथून निघतं.

हे काम आजचंही नाही. 1920च्या दशकाच्या शेवटी मूकपट बोलू लागले, तेव्हा युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली पडद्याकडे बघत पावलं वाजवायचे. त्यांच्यावरूनच आम्हाला फोली आर्टिस्ट म्हणतात. बर्फावरून चालायचं असेल तर चामड्याच्या पिशवीत कॉर्नस्टार्च भरून ती दाबायची, अगदी तसाच करकर आवाज येतो. पक्ष्याचे पंख हवे असतील तर चामडी हातमोज्यांची जोडी फडफडवायची. मोडणाऱ्या हाडासाठी सेलरी या भाजीची जुडी पिळायची. हे ऐकून लोक हसतात आणि मलाही ते करताना मजा येते. पण खरी मेहनत साध्या चालण्यात आहे. नटाचे पाय बहुतेक वेळा फ्रेमच्या बाहेर असतात, म्हणून मी त्याचे खांदे बघते. खांदा किती खाली जातो त्यावरून वजन कुठल्या पायावर पडलं ते कळतं. बाई रागावून निघाली असेल तर टाच आधी आणि जोरात पडते. तिला मनातून थांबायचं असेल तर शेवटची दोन पावलं किंचित रेंगाळतात. तेवढं बरोबर जमलं की प्रेक्षकाला आवाज ऐकू आला हेसुद्धा कळत नाही, फक्त ती बाई खरी वाटते. बाबा, या कामावर माझा जीव आहे. इतकी वर्षं झाली तरी स्टुडिओत जाताना माझी पावलं भराभर पडतात.

मिळकतीचं सरळ सांगायचं तर दर महिन्याला सारखा पगार येत नाही. कामाप्रमाणे बिल होतं, काही महिने कोरडे जातात, त्यामुळे भरल्या महिन्यात बाजूला काढून ठेवावं लागतं. ते मी काढते. विमा आहे, म्हातारपणाची तरतूदही चालू आहे. गुडघे थकतील तेव्हा ध्वनिसंपादन करता येईल, ते मी आत्ताच शिकून ठेवलंय.

धाकट्याचं तर माझ्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. रसायनशास्त्र शिकून ‘वास घेत बसणार’ हे तुमच्या मनाला लागलंय. पण फ्लेवरिस्टचं काम म्हणजे रसायनशास्त्रच, फक्त त्यात नाक आणि जीभही कसाला लागतात. स्ट्रॉबेरीचा वास एका पदार्थाचा नसतो, त्यात शेकडो रेणू असतात. यंत्र ते वेगळे करून दाखवतं, पण त्यातले कुठले घेतले आणि किती घेतले की माणूस डोळे मिटून ‘स्ट्रॉबेरी’ म्हणेल, हे माणसालाच ठरवावं लागतं. केळ्याच्या वासाचा मुख्य रेणू आयसोअमाइल ॲसिटेट. मधमाशी डंख मारते तेव्हा इतर माश्यांना सावध करायला हाच रेणू सोडते! हे सांगताना धाकट्याचा आवाज कसा झाला होता, ते तुम्ही ऐकायला हवं होतं.

आणि कुणाचं अडतं म्हणाल, तर पुष्कळांचं. लहान मुलांच्या औषधाचा कडूपणा झाकावा लागतो, नाहीतर मूल औषध थुंकून टाकतं. एखाद्या पिकाचं उत्पादन घटलं किंवा नियम बदलून एखादा घटक बाद झाला, तरी टूथपेस्टची चव कालच्यासारखीच लागली पाहिजे. चव बिघडली की गिऱ्हाईक तुटलं. म्हणून जिवोदां, सिमराइज यांच्यासारख्या मोठ्या कंपन्या असे लोक पगारावर ठेवतात आणि सांभाळतात. हा धंदाही जुना आहे. जर्मनीतल्या होल्त्समिंडेनमध्ये 1874 साली कृत्रिम व्हॅनिलिनचा कारखाना निघाला, आणि सिमराइजचं मुख्यालय आजही त्याच गावात आहे.

हे काम यायला वेळ मात्र लागतो. अमेरिकेतल्या फ्लेवर केमिस्टांच्या संस्थेत पूर्ण सभासद व्हायला अनुभवी माणसाच्या हाताखालची वर्षं धरून सात वर्षं जातात. धाकट्यालाही सुरुवातीला कागदाच्या पट्ट्या हुंगून शेकडो वास पाठ करावे लागतील, आणि तोवर हातात शिकाऊ पगारच येईल. तुम्हाला ही वर्षं वाया गेल्यासारखी वाटतात. मला उलट त्यातच त्याची सुरक्षितता दिसते. सात वर्षं टिकणारे थोडेच असतात, आणि जे टिकतात त्यांच्या जागी उद्या दुसरा आणून बसवता येत नाही.

यादीत नसलेलं एक काम सांगते, कारण आई, तुला ते आवडेल. कृत्रिम डोळे बनवणारे लोक असतात. माणसाला समोर बसवून, त्याच्या दुसऱ्या डोळ्याकडे बघत ते बुबुळ हाताने रंगवतात, आणि पांढऱ्या भागावरच्या रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून लाल रेशमाचे बारीक तंतू बसवतात. हेही हाताखाली राहून वर्षानुवर्षं शिकायचं काम. त्याची कुठे जाहिरात दिसत नाही, पण ज्याला तो डोळा हवा असतो त्याचं त्यांच्यावाचून भागत नाही.

बाबा, आता मुद्द्याचं. त्याने त्या जागेला अजून होकार कळवलेला नाही. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. तुम्ही ‘नको’ म्हटलंत तर तो जाणार नाही, आणि पुढे कधी बोलूनही दाखवणार नाही. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. शिकाऊ वर्षांत त्याला पैसे कमी पडले तर मी देईन, आमचं तसं बोलणं झालंय, म्हणजे तुमच्या पेन्शनला हात लावायची वेळ येणार नाही. तुम्ही त्याला आपणहून एक फोन करा. पगार, करार, सुट्ट्या, जे विचारायचं असेल ते विचारा, त्याच्याकडे सगळे कागद आहेत. आणि त्याला तो मधमाशीचा किस्साही सांगायला लावा.

आई, बाबांच्या डोळ्यांची तपासणी पुढे ढकलू नकोस. मी पुढच्या महिन्यात चार दिवस येते आहे.

तुमची,
थोरली