ऑस्ट्रेलियातल्या सिम्पसन वाळवंटाच्या दोन्ही काठांवर आम्हाला नेणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच "चहा टाकू का?" म्हणत उठता, हे आता आम्हाला पाठ झालंय. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. आम्ही सुखरूप परत आलो. गाडी धुऊनही दारांच्या रबरातून लाल माती निघतेच आहे, आणि आई फोनवर साताऱ्यातल्या एकेका मैत्रिणीला बर्ड्सव्हिल ट्रॅक या कच्च्या रस्त्याची गोष्ट पहिल्यापासून सांगते आहे.

तुमच्याकडे यायच्या आधी आमची काय गत झाली होती ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. सहली आखून देणाऱ्या एका बाईंकडे गेलो होतो. आईचं वय ७१ आहे हे ऐकल्यावर त्यांनी समोरचा कागदच मिटला. उलुरूला विमानाने जा, रिसॉर्टमध्ये तीन रात्री राहा, सूर्यास्त बघा, संपलं. मी म्हटलं, आम्हाला मरी, ऊडनडॅटा, बर्ड्सव्हिल ही वाळवंटाकडची गावं बघायचीत. त्यांनी हसून तेच पत्रक पुन्हा पुढे सरकवलं. मग फोर व्हील ड्राइव्हचं सामान विकणारं एक मोठं दुकान. तिथे उलट तऱ्हा. "सिम्पसन? आरामात होईल!" छपरावरचा रॅक, त्यावर तंबू, बाजूला ताडपत्रीची सावली, दुसरी बॅटरी, मागे खणांचं कपाट, पुढे दिव्यांची पट्टी, जे मागू ते आणि न मागितलेलंही. एवढं विकताना गाडीचं वजन किती होतंय हे कोणी विचारलं नाही. गाडीत कोण कोण बसणार हेही नाही.

आणि आपली माणसं. "आईंना कशाला त्या धुळीत नेताय? ठेवा आमच्याकडे, मंदिरात जातील, मुलांत रमतील." बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मला कळतं. पण हे सगळं बोलणं आईच्या समोर, आईविषयी आणि आईला वगळून चालायचं. ती पोह्यांची बशी हातात धरून ऐकत बसायची. मला ते फार लागलं होतं. ज्या बाईने जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, फळ्यावर न बघता ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढला, आर्टेशियन विहिरी म्हणजे काय हे चौकोनी खडूने रंगवून दाखवलं, तिला त्या नकाशाचा मधला रिकामा भाग एकदा डोळ्यांनी बघायचा होता. बाकी काही तिने माझ्याकडे कधी मागितलेलं नाही.

त्या संध्याकाळी तुमच्या घरी आलो तेव्हा आम्ही खरं तर बेत सोडायच्या वाटेवर होतो. तुम्ही ली क्रीकच्या कोळशाच्या खाणीत डिझेल मेकॅनिक होता, तिथून वरचे रस्ते तुमच्या पायाखालचे आहेत, एवढंच ऐकून आलो होतो. तुम्ही जेवणाचं टेबल रिकामं करून कागदी नकाशा पसरलात. नवरा आणि मी पुढे झुकलो, आई नेहमीसारखी मागे खुर्चीत. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "मागच्या सीटवर कोण?" मी म्हटलं, आई. मी लगेच तिच्या गुडघ्यांचं, वयाचं सांगायला लागणार होते, कारण तोवर सगळीकडे तेच सांगावं लागलं होतं.

तुम्ही ते ऐकायला थांबलाच नाहीत. उठलात, आईची खुर्ची टेबलाशी आणलीत, अख्खा नकाशा तिच्याकडे फिरवलात आणि कानावरची पेन्सिल काढून तिच्या हातात दिलीत. "बाई, मग नकाशा तुमच्याकडे. पुढच्या दोघांचं लक्ष रस्त्यावर असणार."

आईने पदराला हात पुसले, चष्मा लावला, आणि विचारलं, "प्रमाण काय आहे याचं?"

तुम्ही हसला नाहीत, कौतुकाने "वा" म्हणाला नाहीत. नकाशाच्या कोपऱ्यातली पट्टी दाखवून प्रमाण सांगितलंत आणि पुढे म्हणालात, "सरळ मोजाल ते खरं धरू नका, वळणांचं वेगळं." आईने मान डोलावली आणि कामाला लागली. काका, मला तुमचे आभार मानायचे आहेत ते मुख्यतः या अर्ध्या मिनिटाचे. आईला गाडीतलं सामान न समजता गाडीतलं माणूस समजणारे तुम्ही पहिले. तिची विचारपूस करणारे बरेच भेटले होते, तिला काम देणारं कोणी भेटलं नव्हतं. परतताना गाडीत ती गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, "मला एक शंभर पानी वही हवी, रेघांची."

त्यानंतरचं तुम्ही केलेलं सगळं लिहायचं तर पानं पुरणार नाहीत, आणि तुम्हाला ते आवडणारही नाही. पण सिम्पसनचं मात्र लिहिते. एकाने "जमणार नाही" म्हटलं होतं, दुसऱ्याने "आरामात होईल". तुम्ही म्हणालात, "एकटी गाडी, वाळूचा अनुभव नाही, हजाराच्या वर टेकड्या एकामागे एक, मध्ये इंधन नाही. ओलांडायचं नंतर, दुसऱ्या गाडीच्या सोबतीने. या खेपेला दोन्ही काठांवर बसून बघा." आणि आईच्या पेन्सिलीने दोन गोल केलेत: पूर्वेला बर्ड्सव्हिलजवळची बिग रेड ही वाळूची मोठी टेकडी, पश्चिमेला डलहौसीचे गरम पाण्याचे झरे. मधे मरी गाव. तिथून एकदा वर बर्ड्सव्हिल ट्रॅकने जाऊन यायचं, ५१७ किलोमीटर जाताना, तेवढंच येताना. मग ऊडनडॅटा ट्रॅक धरायचा आणि शेवटी मार्लाला डांबर गाठायचं. आमची सहल तिथे तयार झाली. नकार देतानाही माणसाच्या हातात काहीतरी ठेवता येतं, हे मी तुमच्याकडून बघितलं. १९६२ साली रेग स्प्रिग नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने बायको आणि दोन मुलांना घेऊन पहिल्यांदा मोटारीने सिम्पसन ओलांडलं, हेही तुम्हीच सांगितलंत. आईने ते वहीत लिहून खाली रेघ मारली.

मग वजनकाटा. सगळं सामान, पाणी, डिझेल भरून, आम्हा तिघांना आत बसवून तुम्ही गाडी काट्यावर घ्यायला लावलीत. आकडा बघून दुकानाविषयी एक अवाक्षर काढलं नाहीत, फक्त छपराकडे बोट केलंत. तंबू उतरला, खणांचं कपाट उतरलं, दिव्यांची पट्टी उतरली. "पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात घासाघीस नाही. ते राहणार. बाकीचं बघा." त्या जागी दुसरी स्टेपनी आली. टायरच्या हवेचे आकडे तुम्ही सांगितलेत आणि आईने लिहून घेतले: डांबरावर ३८, खडीवर २८, वाळूत १८, हवा कमी तसा वेगही कमी. पुढे प्रत्येक वेळी रस्ता बदलला की मागून तिचा आवाज यायचा, "हवा."

शेवटी तुम्ही तिला एक पुठ्ठा दिलात आणि सूचना तिच्याच अक्षरात लिहायला लावल्यात. आणीबाणीत मदतीचा संदेश पाठवणारा बीकन कुठे ठेवलाय आणि कसा चालू करायचा. रेडिओवर रोड ट्रेनवाले, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रकवाले, चाळीस नंबरच्या चॅनेलवर असतात. आणि सगळ्यात वर, फळ्यावर लिहावं तसं ठळक: गाडी सोडून कुठेही जायचं नाही. ही ओळ सांगताना तुम्ही १९६३ च्या डिसेंबरची गोष्ट सांगितलीत. इंग्लंडहून येऊन इथे स्थायिक झालेलं पाच जणांचं कुटुंब, बर्ड्सव्हिल ट्रॅकवर इंधन संपलं, गाडीपासून दूर गेले, पाचही जण गेले. तुम्ही एवढंच बोललात आणि आईकडे बघितलंत. पुठ्ठा तिने सीटच्या मागे स्वतः चिकटवला.

आता प्रवासातलं थोडं, कारण तुम्ही फोनवर "सगळं ठीक ना?" एवढंच विचारलंत.

मरीला आईने उंटांची चौकशी केली. तिथे उंटवाल्यांची मशीद होती, खजुराची झाडं लावली होती, हे तुम्ही सांगितलं होतंच. १८६६ मध्ये थॉमस एल्डरने शंभरावर उंट मागवले ते कराचीहून, त्यांच्याबरोबर माणसंही आली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, ही आईची भर. रेल्वे आणि तारेचं सामान ज्या उंटांनी या मुलखात वाहिलं, ते आपल्याच इलाख्याच्या बंदरातून निघाले होते, हे ती मला ऐकवत राहिली.

बर्ड्सव्हिल ट्रॅकवरच्या मंगरेनी या थांब्याच्या पुढे बर्ड्सव्हिलपर्यंत तीनशेच्या वर किलोमीटर गाव नाही. नुसते लालसर, पॉलिश केल्यासारखे चमकणारे दगड क्षितिजापर्यंत, आणि रस्त्यावर अशा आडव्या लाटा की पत्र्याच्या छपरावरून गाडी चालवतोय असं वाटावं. तिथे मागचा टायर गेला. स्टेपनी होती, जॅक होता, पण चाकाचे दोन नट हलेनात. नवऱ्याने पान्यावर उभं राहून बघितलं, तरी नाही. लांबवर काहीतरी चमकत होतं, टाकीसारखं. तो म्हणाला, तिथे कोणीतरी असेल, चटकन बघून येतो. बाटली घेऊन निघालासुद्धा.

"परत या," आई म्हणाली. वर्गातला आवाज. सासू म्हणून तिने त्याला असं कधी सांगितलेलं नाही. तो परत आला. मग तिने रेडिओचा माइक मागून घेतला, वही उघडली, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत सांगितलं: पांढरी गाडी, तीन माणसं, कोणाला इजा नाही, मंगरेनीच्या उत्तरेला अमुक किलोमीटर, शेवटचं फाटक ओलांडल्याला इतकी मिनिटं झाली. थांबली. पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा थांबली. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. रस्ता सपाट करणारा ग्रेडर चालवणारा माणूस होता, आमच्या पुढेच काम करत होता. तो आला, पान्याच्या दांड्याला त्याने लांब पाइप घातला, आणि नट कुरकुरत सुटले. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. जाताना त्याने विचारलं, रेडिओवर कोण होतं? इतकं नेमकं ठिकाण सांगणारे पर्यटक आपल्याला भेटत नाहीत म्हणाला.

ते ठिकाण आईला सांगता आलं कारण नकाशा तिच्याकडे होता. ती दर वळणाला लिहीत होती. तुम्ही त्या संध्याकाळी नकाशा आमच्याच पुढ्यात ठेवला असता तर आम्ही दोघांनी फोनवरच्या निळ्या ठिपक्यावर भिस्त ठेवली असती, आणि माझा नवरा त्या चमकणाऱ्या टाकीकडे चालत गेला असता. हा विचार मला अजून झोपू देत नाही, काका. म्हणूनच हे पत्र लिहायला घेतलं.

बिग रेडवर आई निम्म्यापर्यंत चढली. उरलेली चढायची नाही हे तिनेच ठरवलं. ती खाली वाळूत बसली आणि पश्चिमेकडे बघत राहिली. तिकडून, दुसऱ्या काठावरून, बघायचा दिवस नंतर आलाच. डलहौसीच्या कोमट तळ्यात ती नऊवारी नेसून, हवा भरलेल्या रबरी नळीला धरून तरंगली. फोटो आहे, पण तो फक्त तुम्हाला दाखवायची परवानगी आहे.

पण मला सांगायचंय ते कॉवर्ड स्प्रिंग्जजवळच्या बबलरचं. सगळीकडे कोरडं ठक्क, आणि त्यात एका उंचवट्यावर गोल कुंड, तळातून वाळू वर उसळतेय. ज्या पाण्याने हे कुंड भरतं ते ग्रेट आर्टेशियन बेसिनचं, जमिनीखाली सतरा लाख चौरस किलोमीटर पसरलेलं, आणि इथे आपल्या दाबाने वर येणारं. आई कठड्याला धरून उभी होती. मी विचारलं, फोटो काढू? ती म्हणाली, "थांब जरा. मी हे पोरांना बावीस वर्षं सांगितलं. बघितलं नव्हतं." मग तिने वहीत आकृती काढली, बाण दाखवून, थर रंगवायची जागा सोडून.

लोक भल्या माणसांविषयी बोलतात तेव्हा मोठ्या मदतीचं बोलतात. पैसे दिले, धावून आले, रात्रभर जागले. तेही मोठंच. पण समोरच्याचं म्हातारपण न बघता त्याला येत असलेलं काम आधी बघणं, हे मला फार थोड्या माणसांत दिसलं. त्याला पैसे लागत नाहीत, वेळही लागत नाही. सहली आखणाऱ्या त्या बाईंनाही जमलं असतं. दुकानातल्या पोरालाही. मलाही तुमच्याआधी सुचायला हवं होतं असं आई कधी म्हणाली नाही, ती तशी म्हणणारही नाही.

तुमचा हवा मोजायचा गेज आमच्याकडेच राहिलाय. आई पुढच्या महिन्यात भारतात परत चाललीये. त्याआधीच्या शनिवारी जेवायला या, काकूंना घेऊन. तांबडा-पांढरा आईच करणार आहे. कोल्हापूरकराला साताऱ्याच्या हातचं चालेल ना, असं तिने विचारायला सांगितलंय. येताना तो जुना नकाशा आणा. तुम्ही म्हणाला होतात ना, ओलांडायचं नंतर, दुसऱ्या गाडीच्या सोबतीने? मार्चच्या मध्यापर्यंत सिम्पसनचं राष्ट्रीय उद्यान तिकडच्या उन्हाळ्यासाठी बंद असतं, हे आईने आधीच बघून ठेवलंय. ती जूनमध्ये पुन्हा येते म्हणते. दुसरी गाडी तुमची असेल का, हे तिला तुमच्याकडूनच ऐकायचं आहे.

तुमची,
बाईंची मुलगी