आरोपींना मोफत वकील देणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयातील वकील मॅडम यांस जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

नाकाबंदीत पोलिसांशी झटापट केल्याच्या आरोपाखाली माझ्या धाकट्या भावाला अटक झाली, तेव्हा ‘तीनशे त्रेपन्न लागलं, आता पाच वर्षं आत’ असे सांगणारे पुष्कळ भेटले; कायदा उलगडून सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. तीनशे त्रेपन्न हे जुन्या भारतीय दंड संहितेतले कलम असून १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला केल्यास कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत आणि त्यात साधी दुखापत झाल्यास कलम १२१ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि असा गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन देणे न्यायालयाच्या अधिकारात असते, हे तुम्ही न्यायालयाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या समजावलेत. कोठडीतील माणसाला त्याचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे तर आम्हाला ठाऊकच नव्हते. आम्ही ‘ओळखीचा माणूस’ शोधत फोनाफोनी करत बसलो होतो.

रिमांडच्या वेळी तुम्ही भावाला बाही वर करायला सांगून सुजलेले मनगट न्यायाधीशांना दाखवलेत, ती नोंद रोजनाम्यात घेण्याची विनंती केलीत आणि वैद्यकीय तपासणीचा आदेश मिळवलात. नाक्यावरचे सीसीटीव्ही चित्रण पुसले जाण्याआधी जतन व्हावे, म्हणून त्याच दिवशी अर्जही दिलात. हे सारे करताना पोलिसांविषयी एकही वावगा शब्द तुमच्या तोंडून आला नाही, उलट जखमी हवालदारांचा वैद्यकीय दाखला खोटाच असणार असे आमच्या मामांनी म्हणताच ‘तो वाचल्याशिवाय बोलू नका’ असे तुम्ही त्यांना बजावलेत. मामांना ते झोंबले. मला मात्र तिथेच तुमच्याविषयी विश्वास वाटला.

जामीन झाल्यावर हवालदारांच्या घरी जाऊन हात जोडावेत, असे आईच्या फार मनात होते. ते या खटल्यातील साक्षीदार आहेत, साक्षीदारांशी संपर्क न करण्याची अट जामिनाच्या आदेशात आहे आणि चांगल्या हेतूने गेलेली आईदेखील दबाव आणायला आली असे वाटू शकते, हे तुम्ही तिला न रागावता सांगितलेत. तिने ते ऐकले. दोषारोपपत्राची प्रत मिळाली आहे. पुढच्या तारखेच्या आधी ती घेऊन आम्ही दोघे भाऊ कार्यालयात येतो.

आपला कृतज्ञ,
एका आरोपीचा थोरला भाऊ