औषधं घेऊन परदेशी जाणाऱ्यांना हे आधी कोण सांगणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की तुमच्या पुरवणीत परदेश प्रवासाचे लेख सुरू होतात. व्हिसा, इन्शुरन्स, फॉरेक्स कार्ड, बॅगेचं वजन सगळं असतं त्यात, पण रोज गोळ्या घेणाऱ्या माणसाने त्या गोळ्या दुसऱ्या देशात न्यायच्या कशा यावर एक ओळसुद्धा नसते. हल्ली सत्तरी ओलांडलेली माणसं पण लांबलांबचे प्रवास करतात आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या बॅगेत बीपी, शुगर, थायरॉइड, झोपेची अशा गोळ्यांची एक पिशवी असतेच. माझे बाबा त्यातलेच एक, इन्शुलिन आणि फिट्सची गोळी दोन्ही चालू, म्हणून हा विषय मला जवळचा आहे आणि म्हणूनच हे पत्र.

लोकांचा एक ठाम समज असतो की डॉक्टरची चिठ्ठी आहे ना मग कोण काय बोलणार. तसं नाहीये. औषधांचे कायदे प्रत्येक देशाचे वेगळे आणि तुम्ही उतरता तिथला कायदा तुम्हाला लागू. अमेरिकेत एडीएचडीसाठी (लक्ष एका जागी टिकत नाही तो त्रास) सर्रास दिली जाणारी अ‍ॅडरॉल ही गोळी जपानमध्ये नेताच येत नाही, कितीही मोठ्या डॉक्टरचं पत्र असलं तरी नाही, कारण तिच्यात अ‍ॅम्फेटामाइन हे उत्तेजक द्रव्य असतं. नाक चोंदल्यावर घेतो त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन हे द्रव्य १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तीही तिथे चालत नाही. आणि साधी, कुठल्याच बंदीत न बसणारी प्रिस्क्रिप्शनची औषधं पण एक महिन्यापेक्षा जास्त पुरतील इतकी न्यायची असतील तर आधी तिथल्या सरकारचा दाखला काढावा लागतो. यूएईत कोडीन किंवा ट्रॅमाडॉल ही वेदनाशामकं असलेलं औषध न्यायचं तर आधी ऑनलाइन परवानगी काढायची. सिंगापूरमध्येही कोडीन, डायझेपामसारख्या औषधांना परवानगी लागते.

हे नियम कागदावरच राहत असतील असं वाटणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं. २०१५ मध्ये टोयोटाच्या एका मोठ्या अमेरिकन अधिकारी बाईंना ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या गोळ्यांवरून जपानमध्ये अटक झाली, पुढे खटला न भरता सोडलं पण त्यांना नोकरी सोडावी लागली. आणि २०१७ मध्ये एक ब्रिटिश बाई २९० ट्रॅमाडॉलच्या गोळ्या घेऊन इजिप्तमध्ये उतरल्या, म्हणणं होतं की पाठ दुखणाऱ्या जोडीदारासाठी आणल्यात, त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. हे औषध तिथे चालत नाही हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं त्या सांगत होत्या.

बाबांची फिट्सची गोळी म्हणजे क्लोनाझेपाम. ती, डायझेपाम, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही सगळी औषधं मनावर परिणाम करणाऱ्या औषधांबद्दलच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या नियंत्रित यादीत आहेत. गंमत नाही ही, कितीतरी लोक यातली एखादी रात्रीची गोळी म्हणून वर्षानुवर्षं घेतात आणि तिला आपण 'नियंत्रित' वगैरे म्हणतो हे त्यांच्या गावीही नसतं. त्याच करारात प्रवाशाने स्वतःपुरती थोडी औषधं जवळ बाळगायला देशांना परवानगी देता येईल अशी सोय ठेवलेली आहे, पण किती गोळ्या आणि कुठले कागद हे ज्याचं त्याने ठरवायचं. युरोपातल्या शेंगेन देशांमध्ये एकमेकांकडे जाताना अशा औषधांसाठी एक ठरलेलं सर्टिफिकेट असतं आणि ते ३० दिवसच चालतं. व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ आहे, त्यांच्या वेबसाइटवर देशवार नियम दिलेले आहेत, अगदी फुकट बघता येतात. किती जणांना माहीत आहे हे? बाबांना घेऊन परदेशी निघण्याआधी मी ते बघितलं आणि शिवाय त्या देशाच्या वकिलातीला ईमेल करून विचारलं आणि आलेलं उत्तर प्रिंट काढून औषधांच्या पिशवीतच ठेवलं. फिट्सची गोळी एकदम बंद झाली तर फिट येऊ शकते, त्यामुळे 'अडवलं तर देऊन टाकू' हा पर्याय आमच्याकडे नव्हताच.

तो प्रिंट कामी आला. विमान बदलताना सिक्युरिटीवाल्या मुलीने पिशवी टेबलावर ओतली आणि एकेक पाकीट उचलून चिठ्ठीवरच्या नावाशी जुळवायला लागली, शांतपणे, बोट ठेवून ठेवून. आमच्या पुढे एक आजोबा होते, त्यांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत काढलेल्या आणि बाकीच्या स्ट्रिप जागा वाचवायला कात्रीने कापलेल्या, औषधाचं नाव ज्या तुकड्यावर तो तुकडाच नाही, एक्स्पायरी पण गेली. पांढरी छोटी गोळी म्हणजे नक्की काय हे ते तरी कसं सांगणार. म्हणून स्ट्रिप अख्खीच न्यायची, मूळ खोक्यासकट, आणि डॉक्टरच्या पत्रात ब्रँडच्या जोडीला औषधाचं जेनेरिक नाव (म्हणजे आतल्या मूळ औषधाचं), डोस, आजार आणि पासपोर्टवर आहे तसंच पेशंटचं नाव टाइप करून घ्यायचं. ब्रँडवर तर अजिबात विसंबू नये. फ्लोमॅक्स म्हटलं तर अमेरिकेत प्रोस्टेटची गोळी मिळते आणि इटलीत त्याच नावाने सूज-दुखण्याचं वेगळंच औषध, अमेरिकेच्या एफडीएने २००६ मध्ये याबद्दल सावध केलं होतं.

इन्शुलिनवाल्यांचं वेगळंच दुखणं. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशात ठेवायचं, ते गोठलं की वाया, मग वितळून नीट दिसलं तरी वापरायचं नाही. खाली सामानाच्या होल्डमध्ये ते गोठू शकतं म्हणून कायम सोबत केबिनमध्येच. केबिनमध्ये १०० मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली न नेण्याचा नियम औषधांना तसा लागू करत नाहीत, फक्त आधी सांगायचं आणि वेगळं काढून दाखवायचं. पण आमच्या बाबतीत काय झालं, बोर्डिंगच्या गेटवर कर्मचारी म्हणाले वर जागा नाही, हँडबॅग खाली द्या आणि टॅग लावायला पण लागले. औषधं आहेत म्हटलं तरी ऐकेनात, शेवटी मी गुडघ्यावर बसून लाइनीतच बॅग उघडली आणि पाऊच काढून बाबांच्या हातात दिला. या लोकांना हे शिकवलेलं असायला नको का? त्या पाऊचवर माणूस जगतोय.

अजून एक, आणि ही खरंच जिवावरची गोष्ट आहे. काही देशांत इन्शुलिन यू-४० मिळतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि बऱ्याच ठिकाणी फक्त यू-१००, म्हणजे एका मिलीत १०० युनिट. यू-४० ची सिरिंज घेऊन गेलात आणि तिथे यू-१०० ची बाटली विकत घेऊन त्याच सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरलंत तर अडीच पट डोस जातो. अडीच पट! सिरिंज आणि बाटली एकाच जातीची असली पाहिजे. पूर्वेकडे जाताना दिवस लहान होतो, पश्चिमेकडे मोठा, त्याप्रमाणे डोस कसा बदलायचा हे निघण्याआधीच डॉक्टरकडून लिहून घ्यायचं, विमानात बसून अंदाज करायचा विषय नाही तो.

ऑक्सिजन लागणाऱ्यांना स्वतःचा सिलिंडर सहसा नेऊ देत नाहीत, हवेतून ऑक्सिजन काढून देणारं छोटं मशीन चालतं पण बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या मागतात आणि आधी कळवावं लागतं.

आता माझा मुद्दा. ज्या देशात यलो फीव्हरची लस लागते तिथे जाताना चेक-इन काउंटरवरच सर्टिफिकेट मागतात, नसेल तर बसू देत नाहीत. म्हणजे कुठल्या देशाला कुठला कागद लागतो हे एअरलाइनच्या कॉम्प्युटरला बरोब्बर कळतं. मग औषधांचं का नाही कळवत? मला वाटतं कारण सरळ आहे, प्रवाशाला व्हिसा-कागदावरून परत पाठवलं तर भुर्दंड एअरलाइनला पडतो, औषधावरून पकडलं तर फक्त त्या पेशंटला. तिकीट काढताना जेवण कुठलं, खिडकी हवी का, जास्तीची बॅग हवी का एवढं विचारतात, तिथेच एक प्रश्न टाका की रोजची औषधं सोबत आहेत का, आणि हो म्हटलं की त्या देशाच्या नियमाची लिंक द्या. व्हिसाच्या फॉर्ममध्ये पण तेच करता येईल. आणि डॉक्टरांनी पण झोपेची किंवा दुखण्याची गोळी लिहून देताना परदेशी जाणार आहात का एवढं विचारलं तर किती बरं होईल.

ते होईल तेव्हा होईल, पण तुमच्या हातात आहे ते तुम्ही करा ही कळकळीची विनंती. येत्या प्रवास पुरवणीत एक चौकट द्या, कुठली औषधं अडवली जातात, नियम कुठे बघायचे, डॉक्टरच्या पत्रात काय हवं, इन्शुलिन कसं न्यायचं. छापण्याआधी एखाद्या फार्मासिस्टकडून आणि त्या त्या वकिलातीकडून तपासून मात्र घ्या, कारण हे नियम बदलत असतात आणि लोक ते कात्रण कापून पासपोर्टमध्ये ठेवतील.

आपली,
एक नियमित वाचक