पोस्टर छापायला देण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र चार दिवस टेबलावर आहे. पुराच्या बातम्या बघून झोप उडाली, पहाटेपर्यंत सहा पोस्टरं काढलीस, आता ती छापून विकावीत आणि पैसे मदतीला द्यावेत असं तुझ्या मनात आहे. आणि खाली घाईघाईत लिहिलेली ती ओळ : ‘हे करणारे आपण कोण?’ तो प्रश्न तुला पडला, याचाच मला धीर वाटला.

तुला कधी सांगितलं नाही, ते आज सांगतो. काही वर्षांपूर्वी एका भूकंपानंतर मीही असंच रात्रीत पोस्टर केलं होतं. तडा गेलेली भिंत आणि तिच्यातून बाहेर आलेला एक हात. दोन दिवसांत ते कुठल्या कुठे पोचलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी बाईंचा निरोप आला. त्यांचा भाऊ ढिगाऱ्याखाली सापडला होता. त्यांनी लिहिलं होतं, ‘तुम्ही हात काढलात. आम्ही तीन दिवस हातच शोधत होतो.’ रागाचा एक शब्द नव्हता. मी पोस्टर लगेच काढून टाकलं. पण पोर्टफोलिओतून ते काढायला मला आठ महिने लागले, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही. रचना चांगली जमली होती ना! त्या बाईंच्या दुःखातून मला एक चांगली रचना मिळाली होती.

घाई हाच गुन्हा, असं मात्र मी म्हणत नाही. १३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री पॅरिसवर हल्ले झाले, तेव्हा झाँ ज्युलियां या फ्रेंच चित्रकारानं बातमी ऐकल्यावर काही मिनिटांत ब्रशनं आयफेल टॉवर आणि शांततेचं चिन्ह एकत्र केलं. जगभर ते पसरलं. त्यातून कमाई करायची नाही असं त्यानं ठरवलं. त्या चित्रात कुणाचं प्रेत नव्हतं, कुणाचा चेहरा नव्हता. ज्यांचं माणूस गेलं त्यांना तोंड फिरवावं लागेल असं काहीच त्यात नव्हतं. मला वाटतं, वेगानं काढायचं तर एवढंच काढावं.

त्याहून खोल जायचं असेल तर वेळ द्यावा लागतो. फ्रेंच चित्रकार जेरिकोचं ‘मेड्युसाचा तराफा’ हे चित्र आठव. १८१६ मध्ये मेड्युसा हे जहाज फुटलं, तराफ्यावर दीडशेच्या आसपास माणसं चढली आणि सुटका झाली तेव्हा १५ उरली होती. जेरिको वाचलेल्यांना भेटला, त्यांच्यातल्याच सुताराकडून तराफ्याची प्रतिकृती करवून घेतली, शवागारात जाऊन स्केचेस केली. चित्र लोकांसमोर आलं १८१९ मध्ये. पुढच्या वर्षी लंडनमध्ये तिकीट लावून ते दाखवलं आणि गल्ल्यातला वाटा त्याला मिळाला, हेही खरं. ते मला टोचतं. पण वशिल्यानं नेमलेल्या कप्तानाची नालायकी त्या चित्रामुळे विसरली गेली नाही, हेही तितकंच खरं आहे.

मला सर्वांत जास्त विचारात पाडतो तो चिनी कलाकार आय वेवे. २००८ च्या चीनमधल्या सिचुआन भूकंपात शाळा कोसळल्या. किती मुलं गेली, कोणती गेली, हे सरकार सांगेना, तेव्हा त्यानं स्वयंसेवक जमवून दारोदार पाठवले आणि पाच हजारांवर नावं गोळा केली. २००९ मध्ये म्युनिकच्या संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर नऊ हजार दप्तरं लावून त्यानं एक वाक्य लिहिलं : ही मुलगी या जगात सात वर्षं आनंदानं जगली. वाक्य एका आईचं होतं. त्यानं ते फक्त सगळ्यांना दिसेल एवढं मोठं केलं. आणि याच माणसानं २०१६ मध्ये ग्रीसच्या लेस्बोस बेटावर, आदल्या वर्षी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर मृतावस्थेत वाहत आलेल्या अॅलन कुर्दी या सीरियन निर्वासित मुलासारखं स्वतः पालथं पडून फोटो काढून घेतला. फोटो बघताना मुलगा आठवतच नाही, आय वेवे दिसतो. हेतूबद्दल मला शंका नाही. निर्वासितांसाठी त्यानं पुष्कळ केलंय. पण दप्तरांच्या भिंतीपुढे तो स्वतः नाहीसा झाला होता, आणि इथे मुलाच्या जागी येऊन झोपला.

बंगालच्या दुष्काळात, १९४३ मध्ये, चित्रकार चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात गावोगाव हिंडले. भुकेल्या माणसांची रेखाचित्रं करताना ते नाव, गाव, घरात कोण उरलं, हेही टिपत. त्यांची पुस्तिका निघाली, ती ब्रिटिश सरकारनं जप्त करून जाळली. ज्या चित्रांत नावं असतात त्यांची सत्तेला भीती वाटते. भिंतीतून आलेल्या माझ्या हाताची कुणाला कसली भीती वाटणार?

आता तुझी सहा पोस्टरं. चौथं काढून टाक. ती पाण्यातून मुलाला खांद्यावर नेणारी बाई बातमीतल्या फोटोवरून उतरवली आहेस, चेहरा ओळखू येतो. तिला कुणी विचारलं? उद्या ती घरी परतली आणि स्वतःला कुणाच्या तरी दिवाणखान्यात फ्रेममध्ये पाहिलं तर? पहिल्या तीनबद्दल मला फार काही म्हणायचं नाही, ती कुठल्याही पुराची असू शकतात. सहावंही तसंच.

पैशांचं सरळ आहे. छपाईचा खर्च, विक्री, कुणाला किती दिले, हे सगळं उघड मांड. आणि हे काम स्पर्धेला पाठवायचं नाही, हे आजच ठरव. नंतर जमत नाही, मी अनुभवानं सांगतो.

हात फारच शिवशिवत असतील तर तू अक्षरांचा माणूस आहेस. मदतछावणीत हरवलेल्यांच्या याद्या लागतात, औषधांच्या रांगेची पाटी लागते, लांबून वाचता येईल असा नकाशा लागतो. शिगेरू बान या जपानी वास्तुरचनाकारानं १९९५ मध्ये कोबेच्या भूकंपानंतर वाळूनं भरलेल्या बियरच्या क्रेटवर कागदी नळकांड्यांची घरं उभी केली. असं काम करायचं तर इथे कमी काय पडतंय, हे आधी विचारावं लागतं. छावणीत फोन करून तूही विचार.

पण पाचवं पोस्टर मला सोडवत नाही. नुसती भिंत, तिच्यावर पाण्याची ओली रेघ, आणि रेघेच्या वर पेन्सिलीनं केलेली मुलाच्या उंचीची खूण. ते तू कुठून आणलंस? त्याची फाइल लेयर एकत्र न करता मला पाठव. आणि तुझी ती कॉलेजातली मैत्रीण, जिचं घर या पुरात गेलं, तिला छापण्याआधी दाखव. ती ‘नको’ म्हणाली तर कितीही वाजले असले तरी मला फोन कर.

तुझा,
जुना टेबलशेजारी